कर्कसेतूवरची दुर्पता

देवरी,
६ नोव्हेंबर २०२४

चि. दुर्गेश यास मावशीचे आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिले, कारण पत्राची सुरुवात तशी करायची असते. मनातून आज ते निघत नाहीत, हे आधीच सांगते. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून कापतोस. कागद कापला तरी तुकडे जुळवून वाचता येतात.

ऑगस्टमध्ये तू एक व्हिडिओ पाठवला होतास. तू कोट घालून उभा, मागे नकाशावर सात रुग्णालयांचे सात दिवे लुकलुकताहेत. ‘कर्कसेतू’. कॅन्सरच्या रुग्णाची माहिती एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्याला क्षणात दिसणार. मी तो व्हिडिओ अर्ध्या देवरीला दाखवला. चौतीस वर्षं नर्सबाई म्हणून गावोगाव पायपीट केलेल्या बाईचा भाचा कोट घालून नकाशासमोर उभा राहतो, तेव्हा मावशी जरा फुगतेच.

आता त्या सेतूवरून काय आलं ते ऐक.

मोहटोल्याची दुर्पता मडावी. वय अडतीस, नवरा दसरू. धान करतात, उन्हाळ्यात मोहफूल वेचतात, तेंदूपत्ता तोडतात. सप्टेंबरमध्ये ती माझ्याकडे आली. “बाई, इथं बोरावानी काहीतरी लागून राहिलं.” डाव्या छातीत गाठ. बोराएवढी, बोटाखाली सरकणारी. मी तिला बसने कुडव्याला, ट्रस्टच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या लेडी डॉक्टरने नीट तपासलं, सुईने तुकडा काढला आणि पुढच्या आठवड्यात बाळंतपणाच्या रजेवर गेली. रिपोर्टात कॅन्सर निघाला, पण लवकर सापडला होता. मी दुर्पताला म्हटलं, गाठ काढतील, बरी होशील.

मग एक फॉर्म समोर आला. तुमच्या सेतूवर माहिती टाकायची परवानगी. ती म्हणाली, “हे कायले?” मी म्हटलं, माझ्या भाच्याचं यंत्र आहे, कर सही. तिने माझ्या तोंडाकडे पाहून सही केली.

अठ्ठावीस ऑक्टोबरला मोठ्या डॉक्टरांच्या मंडळाचा निर्णय आला. ते मंडळ नागपुरात बसतं, रुग्ण बघत नाही, पडदा बघतं. निर्णय असा: ‘डावे स्तन पूर्वी काढलेले. आजार त्याच जागी उलटला. हाडांत पसरला. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. वेदनाशामक औषधे द्यावीत.’ कुडव्याच्या पोरसवदा डॉक्टरने ते वाचलं आणि दसरूला म्हणाला, घरी न्या, खायला मागेल ते द्या.

दुर्गेश, मी त्या बाईला घरी आणून, दार लावून पुन्हा पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सुईचा एक डाग आहे. टाका एकही नाही. दोन्ही जागच्या जागी आहेत. मी तिला कागदाचा अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, “बाई, माहा थान कापला अन् मलेच नाई सांगतलं?”

कोणाची छाती कापली आणि कोणाच्या नावावर लिहिली, ते शोधून कळव. लवकर.

तुझी
सुमित्रामावशी


पुणे,
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

तुझं पत्र ऑफिसात आलं. रिसेप्शनवरच्या मुलीने लिफाफा देताना विचारलं, कोर्टाचं समन्स आहे का? वाचल्यावर वाटलं, तिचा अंदाज फार चुकला नव्हता.

आधी एक गैरसमज दूर करतो. कर्कसेतू कोणाची माहिती कुठे गोळा करून ठेवत नाही. प्रत्येक रुग्णालयाच्या नोंदी त्याच रुग्णालयाच्या संगणकात राहतात. डॉक्टरने एखादं नाव विचारलं की सातही ठिकाणी एकाच वेळी विचारणा जाते, आणि त्या रुग्णाचे जिथे जे तुकडे असतील ते जुळून एका पडद्यावर दिसतात. धानाच्या कोठ्यांसारखं समज. धान ज्याच्या त्याच्या कोठीत, फक्त कोणाकडे काय आहे ते सगळ्यांना कळतं. यामुळे लोकांच्या किती चकरा वाचल्यात, किती तपासण्या पुन्हा कराव्या लागल्या नाहीत, ते तू बघितलं नाहीस.

दुसरं. तूच सांगायचीस की बायका आजार लपवतात. नागपूरला जाऊन काही करून आल्या तर गावात बोलत नाहीत. ही बाईही तशीच असू शकते. शस्त्रक्रियेच्या हल्ली नाना पद्धती आहेत, प्रत्येकीची खूण ठळक असतेच असं नाही. तुझ्या अनुभवाचा मला आदर आहे. पण एका माणसाच्या डोळ्यांचा अंदाज आणि सात रुग्णालयांच्या नोंदी यांत निवड करायची झाली, तर मी नोंदी निवडेन. वैद्यकशास्त्र असंच पुढे जातं.

तरी तुझ्या समाधानासाठी तक्रार नोंदवली आहे. तिला तिकीट म्हणतात. क्रमांक ३०८१. उत्तर यायला दहा दिवस लागतील.

तब्येत सांभाळ. रक्तदाबाची गोळी चुकवू नको.

तुझा
दुर्गेश


देवरी,
२१ नोव्हेंबर २०२४

दुर्गेश,

बायका आजार लपवतात, खरं आहे. पण कापलेली छाती परत उगवून आणून दाखवणारी बाई मी चौतीस वर्षांत पाहिली नाही. तुमच्या पुण्यात असेल तर पत्ता पाठव, दर्शनाला येते.

आणि धानाच्या कोठ्यांचं तू मला सांगू नको. आमच्या इकडे दुसऱ्याच्या कोठीत काय आहे हे सांगणारा माणूस आधी झाकण उघडून हात घालतो. तुमचे सात डॉक्टर झाकणावर लिहिलेलं वाचतात.

सोमवारी दुर्पताला घेऊन पुन्हा कुडव्याला गेले. खिडकीवर खुशबू नावाची पोरगी बसते, ठेक्यावरची, दिवसभर माहिती भरते. तिने नाव टाकलं आणि म्हणाली, “मॅडम, सिस्टम में तो ऑपरेशन डन दिखा रहा है.”

“अगं, बाई तुझ्यासमोर उभी आहे. तिला विचार.”

“विचारून काय करू? इथे लाल पट्टी आहे, मी काही बदलूच नाही शकत.”

पोरगी वाईट नाही. तिला जेवढी खिडकी दिली तेवढ्यातूनच ती बघते. मग त्या पोरसवदा डॉक्टरकडे गेलो. मी म्हटलं, साहेब, मंडळाने जे लिहिलंय ते तुमच्यासमोर बसलेल्या बाईच्या अंगावर नाही. पडदा ओढा आणि एकदा पहा.

“लेडी डॉक्टर रजेवर आहेत. नर्स सोबत असल्याशिवाय मी तपासू शकत नाही.”

“मी नर्स आहे.”

“तुम्ही रिटायर्ड आहात.”

दुर्पता उठली, म्हणाली, “याले पाहाचं नाई बाई, चाल. हा आपला पडद्याशी लगन लावून बसला हाये.” पोरगा लाल झाला आणि त्याच पडद्याकडे बघत राहिला.

बाहेर येऊन मी सेतूवरच्या नागपूरच्या रुग्णालयात फोन लावला. तिथल्या बाईंनी नाव टाकून बघितलं. तिथेही तेच! रायपूरलाही तेच दिसणार म्हणे. दुर्गेश, पूर्वी एक दवाखाना चुकला तर माणूस दुसऱ्याच्या दारात जायचा. दुसरा डॉक्टर म्हणायचा, हे काय करून ठेवलंय? निदान तेवढं तरी बोलायचा. आता सातही जण एका वेळी, एका सुरात चुकतात. पळून जायची वाट होती, तीही तुम्ही बुजवली आणि तिला सेतू म्हणालात.

गाठ आता लिंबाएवढी वाटते मला. परवा दुर्पताकडे गेले तर अंगणात बसून काकडीचं, दोडक्याचं, वालाचं बियाणं फडक्यात बांधत होती. घरोघर वाटून टाकणार म्हणाली. पुढच्या साली कोण लावणार? मी तिच्या हातातली पुरचुंडी हिसकावून घेतली. तिने ती परत घेतली, शांतपणे, आणि गाठ मारली.

तिकीट क्रमांक ३०८१ चं काय झालं? एसटीच्या तिकिटावर निदान कुठे उतरायचं ते तरी लिहिलेलं असतं.

मावशी


पुणे,
१ डिसेंबर २०२४

मावशी,

तिकिटाचं उत्तर आलं. ‘यंत्रणा नियमाप्रमाणे चालली आहे. दोष नाही.’

मी स्वतः आत जाऊन पाहिलं. तू म्हणतेस ते बरोबर आहे. या दोन बायका आहेत. एक तुझी, मोहटोल्याची. दुसरी दुर्पता मडावी, तिरोडा तालुका, गाव चोरखमारा. तिचं डावं स्तन २०२१ मध्ये नागपूरला काढलं, २०२२ मध्ये आजार उलटला. यंत्राने दोघींना एक धरलं, कारण नाव एकच आणि मोबाईल क्रमांकही एकच.

तो क्रमांक कोणाचा आहे ते बघ. शेवटचे चार अंक ४४१७.

तुझा आहे, मावशी.

म्हणजे पडद्याने चूक केली खरी, पण पडद्याला खोटं कोणी सांगितलं, तेही एकदा विचारात घे. मला लिहितेस त्याच शब्दांत, शक्य असेल तर.

दुर्गेश


देवरी,
९ डिसेंबर २०२४

दुर्गेश,

तुझं पत्र चार दिवस उशाशी ठेवलं होतं. वाचलं, ठेवलं, परत वाचलं.

हो, नंबर माझा आहे. देवरीला यायच्या आधी मी सहा वर्षं चोरखमाऱ्याच्या उपकेंद्रात होते. तिथे आणि इथेही, ज्या बाईकडे फोन नाही तिच्या कागदावर मी माझा नंबर लिहायची. नाहीतर कोणाचा लिहिणार? ठेकेदाराचा? नवऱ्याचा फोन असला तरी तो जंगलात, आणि जंगलात टॉवर नाही. दवाखान्याचा निरोप माझ्याकडे यायचा, मी सायकलीवरून, पुढे स्कूटीवरून जाऊन सांगायची. किती बायकांच्या कागदावर माझा नंबर आहे ते मला आठवतही नाही. मला वाटायचं, मी केवढी मोठी बाई, अख्ख्या तालुक्याचा फोन!

चोरखमाऱ्याची दुर्पता मला चांगली आठवते. माझ्यापेक्षा थोडी लहान, मासळी वाळवायची, तिचा नवरा मनिराम. तिची गाठ मीच शोधली होती, आणि नागपूरच्या कागदावर नंबर माझाच दिला. नंतर माझी बदली झाली, मग रिटायर झाले. फोन तोच राहिला.

तर हे माझं झालं. मला जे बोलायचं होतं ते मी मलाच बोलले, तुझ्यापेक्षा कडक शब्दांत. तुला नक्कल पाठवत नाही.

पण आता तुझं सांग. माझी दुर्पता अडतीसची, ती छप्पन्नची. एकीचा नवरा दसरू, दुसरीचा मनिराम. एक देवरीची, एक तिरोड्याची. सात रुग्णालयं जोडणाऱ्या तुमच्या अक्कलवंत यंत्राला अठरा वर्षं दिसली नाहीत? नवरा दिसला नाही? लग्नातल्या पंगतीत वाढणारा पोरगाही दोन दुर्पता वेगळ्या ओळखेल. इतकं आंधळं यंत्र तुमच्या कंपनीने बनवलं, की पुढे कोणी त्याचे डोळे काढले?

तेवीस तारखेला मी तिला नागपूरला घेऊन जाते आहे. ओळख ना पाळख, सकाळी रांगेत उभी राहीन. कोणीतरी डॉक्टर तिच्याकडे बघेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही. दसरू यायला तयार नव्हता, म्हणाला, “कायले बाई तिले फिरवून राहिल्या? घरी मरू द्या निवांत.” दुर्पताने त्याला सांगितलं, “मरन्याआंधी मले त्या नागपूरवाल्याले दोन्ही दाखवाचे हायेत.”

मावशी


पुणे,
१६ डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

डोळे मी काढले.

मागच्या दोन पत्रांत ते लपवलं. तुझा नंबर सापडला तेव्हा मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. वाटलं, चला, दोष देवरीत सापडला.

नियम असा होता. नाव, मोबाईल, वय आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, या चारपैकी तीन गोष्टी जुळल्या तरच दोन नोंदी एकाच माणसाच्या धरायच्या. त्यातही जुळणी यंत्राने सुचवायची, ‘हो’ डॉक्टरने म्हणायचं. नियम चांगला होता, मीच लिहिला होता. जुलैत उद्घाटनाला तीन आठवडे राहिले आणि जुळलेले रुग्ण फारच थोडे निघाले. आपल्याकडे एका कागदावर दसरू असतो, दुसऱ्यावर दशरथ. वय तर प्रत्येक ठिकाणी अंदाजाने लिहिलेलं. नकाशावर दिवे होते, पण त्यांच्यामधून काही जात नव्हतं. वरचे साहेब म्हणाले, “पाहुण्यांसमोर आकडा दिसला पाहिजे.” मी चारपैकी तीनचं चारपैकी दोन केलं. डॉक्टरांना विचारायची पायरीही काढली, कारण ते वैतागत होते. एका दुपारी, चहा पिता पिता. आकडा सातपट झाला. साहेबांनी पाठ थोपटली. मग तो कोट.

आता मोजलं. सातही ठिकाणी मिळून अशा संशयास्पद जोड्या अकराशे साठ आहेत. बहुतेक खऱ्या असतील. किती खोट्या, ते मला माहीत नाही.

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीपर्यंत लिंबू नारळाएवढं होईल. त्यांना काही कळलं नाही.

तुझ्या दुर्पताची नोंद मी माझ्या अधिकारात वेगळी केली आहे. परवानगी मागितली नाही. सोबत दोन्हींचे कागद वेगवेगळे छापून, सही करून पाठवतो. नागपूरला ते दाखव. पण कागदांच्या आधी तिला दाखव.

दुर्गेश


देवरी,
९ जानेवारी २०२५

चि. दुर्गेश,

तुझं पाकीट बावीसला संध्याकाळी हातात पडलं. तेवीसला पहाटेच्या गाडीने निघालो. दसरूही आला, डोक्याला फेटा बांधून.

साडेअकराला नंबर लागला. सर्जन बाई होत्या, पन्नाशीच्या, चिडक्या तोंडाच्या. त्यांनी पडद्याकडे मान वळवली तेवढ्यात दुर्पताने टेबलावर हात आपटला. “बाई, तिकडं नाई. इकडं.” आणि पदर बाजूला केला.

बाईंनी पाहिलं. हात लावला. काखेत बोटं घातली. मग कुडव्याला आलेला मंडळाचा निर्णय वाचला आणि मला विचारलं, “हा कागद आल्यावर हिला कोणी तपासलं नाही?”

“नाही.”

“कोणीच?”

“सात रुग्णालयांनी पाहिलं,” मी म्हटलं. “तपासलं नाही.”

त्या निर्णयाच्या मंडळात त्याही होत्या, दुर्गेश. त्यांनी स्वतःच सांगितलं, खाली बघून. त्या दिवशी चाळीस रुग्ण होते पडद्यावर, प्रत्येकाला तीन-चार मिनिटं. मला त्यांची दया आली नाही. पण सांगितलं, तेवढ्यासाठी मान दिला.

दोन जानेवारीला ऑपरेशन झालं. हाडं स्वच्छ आहेत. काखेतल्या तीन गाठींत मात्र आजार पोचला होता. मी विचारलं, ऑक्टोबरमध्ये केलं असतं तर तीन असत्या का? बाई म्हणाल्या, सांगता येत नाही. हे खरंच असेल. त्या नऊ आठवड्यांत काय झालं ते आता कोणालाच सांगता येणार नाही, तुलाही नाही, मलाही नाही. फेब्रुवारीपासून केमोची सलाइनं आहेत.

काल मी चोरखमाऱ्याला गेले. दुसऱ्या दुर्पताकडे. ती जाऊन दोन वर्षं झाली. मनिराम तलावाकडच्या बांधावर भेटला, मला ओळखलं. म्हणाला, “बाई, नागपूरवाले बलावतीन म्हनून आमी वाट पाहून राहिलो होतो. बलावनं आलंच नाई.”

आलं होतं, दुर्गेश. माझ्या फोनवर. इंग्रजीतले निरोप यायचे, ‘दुर्पता मडावी’ एवढंच मला कळायचं. मला वाटायचं, देवरीच्या कोणत्या तरी दुर्पताचं जुनं काम असेल, किंवा ते जाहिरातवाले असतील. मी पुसून टाकायची. मनिरामला मी हे सांगितलं. त्याने मला घरी नेऊन चहा दिला. तो चहा प्यायला लागला मला.

तुमच्या नोंदीत ती अजून जिवंत असेल. तेवढं दुरुस्त कर.

आणखी एक. कुडव्याच्या ट्रस्टने निमंत्रण पाठवलं आहे. ‘कर्कसेतूमुळे वेळेत उपचार मिळालेल्या आदिवासी महिलेचा सत्कार.’ वेळेत! दुर्पताला शाल, मला श्रीफळ. मी उत्तर लिहिलं: सत्कार त्या टेबलाचा करा, ज्यावर तिने हात आपटला. अजून काही आलं नाही त्यांच्याकडून.

अकराशे साठचं काय करतो आहेस?

मावशी


पुणे,
२७ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

सातही रुग्णालयांच्या प्रमुखांना मी स्वतःच्या नावाने लेखी कळवलं. कोणत्या नोंदींवर विश्वास ठेवू नये त्याची यादी जोडली, आणि नियम कोणी, कधी बदलला तेही लिहिलं. पाच जणांनी त्या जोड्या थांबवल्या. दोघांनी उत्तर दिलं नाही. मला या कामावरून काढून एका विमा कंपनीच्या कामावर बसवलं आहे. नोकरी आहे, टेबल कोपऱ्यात गेलं.

चोरखमाऱ्याच्या दुर्पताची नोंद मृत म्हणून बंद केली. मृत्यूची तारीख विचारली होती यंत्राने, ती जागा रिकामी ठेवली. मी तुला फोन करणार होतो, केला नाही. मनिरामला विचारून सांगशील का?

गोंदिया जिल्ह्यातल्या जोड्या त्रेसष्ट आहेत. त्यातल्या एकोणीस जणींच्या कागदावर ४४१७ आहे. मार्चमध्ये सुट्टी टाकली आहे. तुझी स्कूटी चालू आहे ना? मला एकेकीच्या दारात जायचं आहे. तू बोल, मी मागे बसतो.

दुर्गेश


मोहटोला,
१२ एप्रिल २०२५

(दुर्गेश, हे पत्र दुर्पता सांगते आहे, मी लिहिते आहे. शुद्धलेखन तपासू नको. मावशी.)

दुर्गेशभाऊले रामराम.

मी दुर्पता मडावी, मोहटोल्याची. बाई लिहून राहिली, मी खाटेवर बसून सांगून राहिली.

तू मार्चात आला होता, माह्या आंगनात बसला, कागदावर खुना केल्या. नाव काय, नवऱ्याचं नाव काय, गाव कोनतं. मंग वय इचारलं. मी म्हनली, मालूम नाई. तं तुहा चेहरा असा पडला, जसा बैल दलदलीत फसला. मले हसू आलं. एवढा शिकला माणूस, एका बाईच्या वयानं घाबरला.

तू जाताना माफी मांगतली. मी तवा काही बोलली नाई, कावून का मले उलटी येऊन राहिली होती, त्या सलाइनची. आता सांगते. माफी मी ठेवून घेतली हाये. माफ केलं का नाई, ते मले अजून समजलं नाई. चोरखमाऱ्याची बाई असती तं तिले बी इचारा लागलं असतं.

तुह्या पुलाले बाई लय शिव्या देते. मी नाई देत. नागपूरच्या डाक्टरनीचा कागद कुडव्याले दिसते, म्हून सलाइन मले इथंच भेटते. नाई तं दर बारीले नागपूर. उलटी करत बसमंधी कोन जाईन? तं ते सात दवाखाने एकमेकाशी बोलून राहिले, हे बेस हाये. पन मी तिथंच बसली होती ना भाऊ. माह्याशी बी बोलाचं होतं.

डोक्याचे केस गेले. दसरू म्हनते, नवीन लगन केल्यावानी वाटते, ओळखू येत नाईस. मोहफूल वेचाले मी यंदा गेली नाई, झाडाखाली बसून दुसऱ्याईले सांगत होती, इकडचं राहिलं, तिकडचं राहिलं. तेही काम हाये.

आता परवाचं सांगते, याच्यासाठीच बाईले बसवलं लिहाले.

चवथ्या सलाइनले कुडव्याले गेली होती. बाकावर बसली. आतून त्या खुशबूनं आवाज देला, “दुर्पता मडावी!” मी उठली. माह्या बाजूले एक बाई बसली होती, माह्यावानीच डोक्याले फडकं बांधून. ते बी उठली.

मी म्हनली, “तू कोन वो?”

“दुर्पता मडावी. सालेकश्याची.”

आमी दोघी एकमेकीकडे पाहून राहिलो. मंग अशा हसलो, अशा हसलो का बाकावरचे सारे लोक पाहाले लागले. तिले टाके दुखत होते तरी हसून राहिली होती. मी तिचा हात धरला. दोघी खिडकीपाशी गेलो.

खुशबू पडद्याकडे पाहत म्हनली, “एक एक करके आओ.”

मी म्हनली, “नाई. दोघी येतो. आंधी तू वर पाह्य.”

तिनं वर पाह्यलं. माह्याकडं पाह्यलं, तिच्याकडं पाह्यलं. कळफलकावरचे हात काढले, खुर्ची मांगं सरकवली, दार उघडून भायेर आली, अन् आमच्या समोर उभी राहून पयल्या बारीले आमाले इचारलं, “तुमी कोन्या गावच्या?”

दुर्पता